सिहोऱ्याच्या माजघरातले ऊन

जबलपूरहून कटनीच्या दिशेने गाडी निघाली म्हणजे तासाभराच्या आतबाहेर सिहोरा रोड हे स्थानक येते. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी ते मागे टाकलेले आहे, पण झोपेत. मुंबईहून इटारसी-जबलपूरमार्गे प्रयाग-काशीला जाणाऱ्या गाड्यांचा हाच रस्ता. १८६७ साली अलाहाबादेकडून आलेले रूळ जबलपूरपर्यंत पोहोचले, १८७० साली मुंबईकडचे रूळ त्यांना येऊन मिळाले, आणि तेव्हापासून काशीयात्रेस निघालेल्या मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या सिहोऱ्यावरून गेल्या. येथे उतरले मात्र थोडे.

त्या थोड्यांपैकी मी एक. माझी धाकटी आत्या सिहोऱ्यास दिलेली. इतक्या दूर मराठी घर कसे, असे आपण विचाराल; पण हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. जबलपूर प्रांतावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे इंग्रजी मध्यप्रांताची राजधानीही नागपूरच झाली, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत सिहोऱ्याच्या माणसाला मोठ्या सरकारी कामासाठी नागपुराकडेच पाहावे लागे. नागपूर-वऱ्हाडकडचे कारकून आणि शिक्षक इकडे बदलून येत, आणि त्यांतले काही येथेच राहून जात. आत्याचे सासरे असेच राहून गेलेले. घरात मराठी बोलतात, पण भाजीवालीशी, डॉक्टरांशी आणि रागावले असता मुलांशीही हिंदीतच.

गाव तहसिलीचे आहे. स्थानकाभोवती खितौला ही वस्ती, आणि तिला लागून मूळ सिहोरा. गोसलपूरपासून इकडे टेकड्यांचा रंग तांबूस होत जातो, कारण त्यांच्या पोटात लोखंडाचे खनिज आहे. आगरिया लोक पूर्वी या भागात मातीच्या लहान भट्ट्यांतून लोखंड गाळीत असत. जवळून हिरन नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. हे सर्व पाहण्यासारखे आहे. परंतु आज मला आपणांस टेकड्या दाखवावयाच्या नाहीत. एका घरातली एक काळोखी खोली दाखवावयाची आहे.

आत्याचे घर लांबट आणि अरुंद. पुढे उत्तरेस गल्ली, गल्लीवर बैठकीची खोली, तिच्यामागे माजघर, माजघरामागे चौदा फूट खोलीचा मोकळा चौक. चौकाच्या पश्चिम अंगास स्वयंपाकघर, आणि दक्षिणेस थेट शेजाऱ्याच्या घराची मागची भिंत. माजघराला खिडकी नाही; दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती आहेत. उजेड येणार तो चौकाकडच्या दारातूनच. आपल्याकडच्या जुन्या घरांतून वावरलेल्या माणसाला ही मांडणी नवी नाही. धान्याच्या कोठ्या, पाळणा, बाळंतिणीची खाट आणि म्हातारे माणूस हे सगळे माजघरात, आणि उजेड मात्र बैठकीत, जेथे पाहुणे बसतात. घर बांधणाऱ्यांनी उजेडाची वाटणी कशी केली होती, हे यावरून समजावे.

आत्याच्या सासूबाई याच माजघरात असतात. सारे त्यांना आजी म्हणतात, मीही म्हणते. वय ऐंशीच्या पुढे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, पण अंधूक उजेडात त्यांना नीट दिसत नाही. आयुष्यभर त्यांनी तांदूळ निवडले ते चौकाच्या दाराशी, उंबऱ्यावर बसून, आणि हिवाळ्यात ऊन खाल्ले तेही तेथेच. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेकडील शेजाऱ्याने मजला चढविला. त्याच्या मुलाचे लग्न झाले होते, खोली हवी होती. त्यात गैर काही नव्हते. पण अकरा फुटांची भिंत एकवीस फुटांची झाली, आणि आजींचे ऊन गेले.

ते कसे गेले हे समजण्यासाठी सिहोऱ्याचे आकाश थोडे समजून घ्यावे लागेल. सिहोरा रोड येण्याच्या जरा आधी आपली गाडी कर्कवृत्त ओलांडते. गाव त्या रेषेच्या उत्तरेस अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास भर दुपारी तेथे सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर येतो. अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली काठीच्या पायाशीच विरते. भिंत कितीही उंच असो, त्या दिवसांत चौकाच्या फरशीपर्यंत ऊन उतरतेच. डिसेंबरात मात्र तोच सूर्य मध्यान्ही दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४३ अंशच वर असतो. तेव्हा प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीपेक्षा थोडी लांब पडते. जुन्या अकरा फूट भिंतीची सावली सुमारे बारा फूट पडे. चौक चौदा फुटांचा. म्हणजे ऐन थंडीतही उंबऱ्याशी दोन फूट उन्हाची पट्टी उरत असे. आजी त्या दोन फुटांत बसत. नव्या भिंतीची सावली साडेबावीस फूट पडते. ती सगळा चौक ओलांडून माजघराच्या भिंतीवर आठ फूट चढते. हिशेब केला तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ज्या चार महिन्यांत उन्हाची गरज, नेमके तेच चार महिने चौकाच्या फरशीला मध्यान्हीचे ऊन लागत नाही.

माजघरात दिवसाही दिवा लागू लागला. आजी त्याला ‘रात्रीचा उजेड’ म्हणत आणि वीज गेली की निवडायचे तांदूळ तसेच ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आत्या फोनवर सांगे, हल्ली त्या पुष्कळ झोपतात.

याच सुमारास माझ्या हाती भाषांतरासाठी एक लहानसा मजकूर आला होता. नॉर्वे देशात रियुकान नावाचे गाव अरुंद दरीत वसलेले आहे, आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत डोंगराआड गेलेला सूर्य गावाला दिसतच नाही. २०१३ साली तेथील लोकांनी गावाच्या सुमारे ४५० मीटर वर, डोंगराच्या अंगावर तीन मोठे आरसे बसविले. सूर्य फिरेल तसे ते यंत्राने फिरतात आणि गावच्या चौकात ऊन पाडतात. इटलीतील विगानेला या खेड्याने २००६ सालीच आठ मीटर बाय पाच मीटरचा असा एक आरसा डोंगरावर उभारला होता. मजकूर मराठीत आणता आणता मला आत्याचे माजघर आठवले, आणि मी उत्साहाने फोन करून सांगितले, “आत्या, माजघरात एक मोठा आरसा लाव.”

सल्ला चुकीचा होता. आतोबांनी पदरचे पैसे मोडून तीन फुटी आरसा आणला, माजघरातल्या भिंतीवर टांगला, आणि खोली होती तितकीच काळोखी राहिली. फक्त आजी दचकू लागल्या. आरशापुढे जे असेल तेच तो परत करतो. काळोख्या भिंतीसमोर टांगला की काळोखी भिंतच दोनदा दिसते. दिवाणखान्यात आरसा लावला की खोली उजळते असे आपण मासिकांतून वाचतो ते खोटे नव्हे, पण तेथे आरशाच्या समोर किंवा शेजारी खिडकी असते आणि खिडकीतून आकाश दिसत असते. रियुकानच्या लोकांनी आरसे गावात लावले नाहीत, जेथे ऊन होते तेथे वर डोंगरावर लावले. हे वाक्य मी स्वतः भाषांतरिले होते, आणि तरी माझ्या ध्यानात आले नव्हते!

मग गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी आठवडाभर, मी सिहोऱ्यास गेले. माजघरावर गच्ची आहे आणि गच्चीला चौकाच्या बाजूने कठडा आहे. सावली आठ फुटांपर्यंत चढते म्हटल्यावर कठड्याला ऊन लागणारच, आणि ते लागत होते. आरसा उचलून वर नेण्याआधी आम्ही स्वयंपाकघरातले स्टीलचे नवे ताट घेऊन प्रयोग केला. मी गच्चीवरून ताट धरी आणि खाली आत्याचा धाकटा मुलगा उजेड कोठे पडला ते ओरडून सांगे. पहिली अडचण लगेच दिसली. सूर्य दक्षिणेस, कठडा दक्षिणाभिमुख. तेव्हा ताटावरून परतलेले ऊन दक्षिणेसच जाणार, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवर. माजघर तर ताटाच्या पायाखाली! भिंतीवर उजेडाचा एक गोळा नाचत होता खरा, पण भिंत उघड्या विटांची, गिलावा न केलेली. लाल विटेने तो उजेड गिळून टाकला. माजघरात काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने चौकात दोरीवर एक पांढरी चादर वाळत घातली. ती शेजाऱ्याच्या भिंतीलगत होती. मी सवयीने वरून ताट फिरवीत होते, उजेड चादरीवर गेला, आणि खालून आजींचा आवाज आला, “दिवा कुणी लावला गं?”

चादरीने काय केले हे आपल्याला अजिंठा-वेरूळच्या लेण्यांत जुन्या काळी गेलेल्या माणसांनी सांगितले असते. लेण्याच्या तोंडाशी वाटाडे आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून ऊन आत परतवीत, आणि आत पांढऱ्या कापडावरून ते पसरवीत, म्हणजे चित्रांवर आणि मूर्तींवर मऊ उजेड पडे. आरसा ऊन एका दिशेने फेकतो; पांढरा पृष्ठभाग तेच ऊन सर्व दिशांना वाटतो. दोघे मिळूनच काम होते. यात आणखी एक सोय आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, आणि आरसा स्थिर असेल तर त्यावरून परतलेला किरणही तितकाच सरकतो. चार मीटरांवरच्या भिंतीवर उजेडाचा तुकडा तासाभरात सुमारे एक मीटर चालून जातो. माजघराच्या दारात नेमका किरण सोडावयाचा तर दर दहा मिनिटांनी आरशाची मान वळवावी लागेल, आणि तो किरण कोणाच्या तरी डोळ्यांत जाईल ते वेगळेच. पण समोर सबंध भिंतच पांढरी असेल तर उजेड तिच्यावर हवा तेथे फिरो, माजघराला तो मिळतच राहतो.

उजेडाचे प्रमाणही लहान नव्हे. निरभ्र दुपारच्या उन्हात केवळ एक चौरस फूट आरसा जितका प्रकाश परत फेकतो, तितका देण्यास नऊ वॅटचे पाच-सहा एलईडी दिवे लागतील. भिंतीवर पसरून, चौक ओलांडून दारातून आत शिरेपर्यंत त्यातला थोडासाच भाग उरतो. पण साडेचार चौरस फुटांच्या आरशाचा तो थोडासा भाग म्हणजे माजघरात एक चांगला दिवा झाला.

आता प्रश्न भिंतीचा. भिंत शेजाऱ्याची, आणि मजला चढल्यापासून दोन्ही घरांत बोलणे जवळजवळ बंद. आतोबांनी वकिलांचा सल्ला घेऊन ठेवला होता. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम, ज्याला तिकडे हिंदीत ‘सुखाचार’ म्हणतात, त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे एखाद्या इमारतीने वीस वर्षे विनाखंड, शांतपणे उजेडाचा उपभोग घेतला असेल तर त्यावर तिचा हक्क उत्पन्न होतो. हा कायदा आरंभी ज्या तीन मुलुखांना लागू झाला त्यांत मध्यप्रांत होता; मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागला. म्हणजे या बाबतीत सिहोरा पुण्याच्या पुढे. आजींचा उंबरा साठ वर्षांचा. आतोबांचे म्हणणे, नोटीस द्यावी. वकिलांचे म्हणणे, द्या. पण केवळ उजेड कमी झाला एवढ्याने भागत नाही, राहण्याच्या सोयीत भरीव बाधा आली हे दाखवावे लागेल, आणि दावा कधी संपेल ते सांगता येत नाही.

“तोवर सासूबाई?” आत्याने एवढेच विचारले.

संक्रांतीच्या संध्याकाळी ती तिळगुळाची वाटी घेऊन शेजारी गेली. तिळाचे लाडू त्यांच्याकडेही झालेले होते, तेव्हा वाटीची वाटीला परतफेड झाली. मी बरोबर होते. हवापाण्याचे बोलणे झाले, सुनेची चौकशी झाली, आणि मग आत्या म्हणाली, “भाभी, आपकी पिछली दीवार हम अपने खर्चे से पुतवा लें?” घरमालक आतल्या खोलीतून बाहेर आले. तीन वर्षे ते नोटिशीची वाट पाहत असावेत. क्षणभर त्यांना काही कळेना. मग म्हणाले, “चूना ही तो है। पुतवा लीजिए।” थोड्या वेळाने आपणहून पुढे म्हणाले, गिलावा करावयाचा राहूनच गेला, पावसाळ्यात ओल येते, तो आम्हीच करून देऊ. आतोबांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची कागदांची फाइल तयार होती.

चुन्यासाठी सिहोऱ्यास दूर जावे लागत नाही. पुढचे मोठे स्थानक कटनी, आणि कटनीचा चुना प्रसिद्धच आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून, थोडा डिंक घालून दोन हात दिले. रंगारी नीळ घालू म्हणत होता. निळीने भिंत डोळ्यांना अधिक शुभ्र दिसते, पण प्रत्यक्षात ती थोडा उजेड खाते. म्हणून आम्ही घालू दिली नाही. चुना ओला असता भिंत करडी दिसते आणि वाळल्यावर पांढरी होते, त्यामुळे पहिल्या दिवशी आतोबांची खात्रीच झाली की पैसे बुडाले.

असा प्रयोग आपण करणार असाल तर चार गोष्टी अनुभवाच्या सांगते. आधी ताट किंवा हातातला आरसा घेऊन दुपारी पाहावे, विकत घेणे नंतर. आरसा सपाटच हवा. दाढीचा मोठे दाखविणारा आरसा उन्हात कधीही टांगू नये, तो ऊन एका बिंदूत गोळा करतो आणि पडद्याला आग लागू शकते. लंडनमध्ये २०१३ साली एका नव्या उंच इमारतीच्या अंतर्वक्र काचेवरून परतलेल्या उन्हाने रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळले होते. आपला किरण रस्त्यावर किंवा कोणाच्या खिडकीत जात नाही ना, हे सकाळ-दुपार दोन्ही वेळा पाहून घ्यावे. आरशाच्या पाठीला आणि कडांना रंगाचा जाड हात द्यावा, नाही तर पहिल्याच पावसात पारा उडतो. आणि जेथे वानरे येतात तेथे आरसा चारी कोपऱ्यांना तारेने बांधावा. आमच्या कठड्यावर दुसऱ्याच दिवशी एक हुप्प्या येऊन स्वतःच्या प्रतिबिंबाशी दहा मिनिटे भांडून गेला.

आरसा जवळजवळ उभाच आहे, आकाशाकडे किंचित मान केलेला. सूर्य वर चढू लागला की महिन्याला चारेक अंश कल बदलावा लागतो. त्यासाठी आतोबांनी लाकडी पाचरा करून त्यांवर महिन्यांची नावे घातली आहेत. फाइलीपेक्षा हे काम त्यांना मानवले असे आत्या म्हणते. अभ्र आले की आरसा निरुपयोगी, पण पांढरी भिंत तेव्हाही आकाशाचा उजेड काही अंशी आत देते. साधारण पावणेअकरापासून दीडपर्यंत माजघरात दिवा लागत नाही. आजी तांदूळ निवडतात.

एवढ्यावर मी समाधान मानले असते. पण निघण्याच्या आदल्या दिवशी आजी म्हणाल्या, “दिसतं गं, छान दिसतं. पण ऊब नाही.” खरे होते. भिंतीवरून पसरलेला उजेड डोळ्यांना पुरतो, गुडघ्यांना पुरत नाही. ते दोन फूट ऊन परत आलेच नव्हते.

तेव्हा आम्ही आणखी एक लहान आरसा, तीन फूट लांब आणि फूटभर रुंद, कठड्यावरून लोखंडी पट्ट्यांवर चौकात हातभर पुढे काढला आणि खाली झुकविला, विहिरीत डोकावणाऱ्या माणसासारखा. दक्षिणेकडून तिरपे येणारे ऊन त्यावरून सरळ खाली, उंबऱ्याशी उतरते. आरसा तिरका असल्यामुळे तीन फुटांचे ऊन खाली येता येता फूटभराचेच उरते, आणि तेही सरकत राहते. आजी आपला पाट त्याच्याबरोबर सरकवतात. दोन फुटांपैकी एक फूट, बाराच्या आधी थोडा वेळ आणि नंतर थोडा वेळ.

फेब्रुवारीच्या अखेरीस आत्याचा फोन आला. खरे ऊन पुन्हा उंबऱ्याशी पोहोचले होते. झुकलेला आरसा उतरवून, जुन्या धोतरात गुंडाळून, माळ्यावर आकाशकंदिलाशेजारी ठेवला आहे. दोन्ही दिवाळीला एकदमच काढावयाचे.